साठलेलं दुखणं

निवृत्त सुभेदार खराड्यांच्या मानेतली चिप आज काढायची होती. फौजेतली बावीस वर्षं तिने त्यांना काहीच जाणवू दिलं नव्हतं. दुखणं सगळं तिच्यात साठून राहिलं होतं.

माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर ठकार म्हणाल्या, "हे आता थोडंथोडं सोसावं लागेल. गुडघ्यापासून सुरुवात करू?"

खराडे सवयीने ताठ बसले. "नको. अकरा नोव्हेंबरपासून करा."

डॉक्टरांनी नोंदी चाळल्या. "त्या दिवशी तर तुम्हाला साधं खरचटलंही नाही."

"मला नाही. आमचा निंबाळकर गेला त्या दिवशी. उद्या त्याच्या आईला भेटायला जायचंय. त्या संध्याकाळी मी पलटणीच्या लंगरमध्ये जेवताना दोनदा डाळ मागून घेतली, डॉक्टरसाहेब."