रुसलेल्या ताई

बायकोचा मोबाइल मी अजून रोज चार्ज करतो. त्यावर कुमुदच्या वाचकांचा ग्रुप आहे. ती रोज सकाळी तिथे कथेचा एक भाग टाकायची. ती वारली, हे मी तिथे कुणाला कळवलेलं नाही.

आज चहा घेताना ग्रुप उघडला.

"हेमांगी, तू कथा लांबली म्हणालीस, म्हणून ताई रुसल्या."

"फुकट वाचायला मिळतंय, वर नाक मुरडायचं!"

"ताई, चुकले मी. तुम्ही लिहा, मी ग्रुप सोडते," हेमांगीनं लिहिलं होतं.

त्या बाईचा काही दोष नव्हता. कुमुद तर ते वाचून हसली होती. म्हणाली, "बरोबर आहे तिचं. नायिकेचं लग्न उरकून टाकते आता." मी चष्मा लावला आणि एका बोटानं अक्षरं शोधत लिहायला लागलो, "हेमांगीताई, कुमुद रागावली नव्हती."

पुढचं लिहीत होतो, तोच धडाधड मेसेज आले.

"अगं बघा, ताई टाइप करतायत!"

"आल्या एकदाच्या! हेमांगी, जाऊ नकोस."

"ताई, सावकाश लिहा. आम्ही सगळ्या इथेच आहोत."

मी बोट उचललं. मग पुढचं अक्षर शोधलं.