टिगचा पहिला जोड

“टॉर्चचं टोक पाइपला टेकवलंस तर बघ हं, शरे!” आत्याने दम भरला. पण टिग वेल्डिंग शिकायला लागल्यापासून शरयूने आज पहिल्यांदाच ते टेकवलं नाही. केसभर अंतर राखून तिने पाइपभोवती जोड फिरवून आणला आणि हेल्मेट वर केलं. जोड चांदीसारखा लखलखत होता. शरयूबाई नाचायच्याच बाकी होत्या!

तेवढ्यात काका वर्कशॉपमध्ये घुसले आणि त्यांनी आत्याच्या, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या, कानाखाली वाजवली. “माझा मुलगा सोडून या कार्टीला शिकवतेस? फोडतोच आज तुझं मशीन!” आत्या कोसळली तशी त्यांनी तिच्या पोटात लाथ घातली. मध्ये पडलेल्या शरयूला भिंतीवर भिरकावलं.

मग मशीन फोडायला त्यांनी टेबलावरच्या त्या पाइपकडे हात नेला. काकांचा जन्म साध्या वेल्डिंगच्या ठिणग्यांत गेलेला. तापलेला जोड लालभडक नाहीतर काळाठिक्कर दिसतो, एवढंच त्यांना ठाऊक. टिगचा जोड भाजून काढण्याइतका तापूनही चमकतच असतो. “काका, गरम आहे!” शरयूच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने आत्याच्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं आणि शब्द गिळले.

काकांची किंकाळी पत्र्याच्या छपराला भिडली. सोललेला तळहात पाण्याच्या बादलीत बुडवून ते गुरासारखे ओरडत राहिले.

आत्या उठली. तिने रक्त पुसलं, जोडावर चिकटलेली कातडी तारेच्या ब्रशने खरवडून काढली आणि पाइप शिकंज्यात आवळला. “हेल्मेट खाली घे,” ती शरयूला म्हणाली, “दुसरं टोक राहिलंय.”