ड्वेनचा जामीन

"राहायचा ट्रेलर भाड्याचा, गाडी बँकेची आणि नवरा देवाघरी. आता काय माझे दात गहाण ठेवून घेतेस, विल्मा?"

ओडील नेकेसने पर्स टेबलावर आपटली. तुरुंगासमोर जामिनाचं दुकान थाटलेल्या विल्मा लॅडनरला असं रोजच ऐकावं लागतं. ओडीलचा मुलगा ड्वेन आत होता, मारामारीच्या गुन्ह्यात. न्यायाधीशांनी जामीन ठरवला दहा हजार डॉलर. त्यातले हजार म्हणजे विल्माची फी, ती ओडीलने कशीबशी रोख आणली होती. ती घेऊन विल्मा कोर्टाला पूर्ण दहा हजारांची हमी देणार. पण पोरगा तारखेला आलाच नाही, तर ते दहा हजार तिने कुणाच्या बापाकडून वसूल करायचे?

"मावशी, दात नकोत. एकाच ठिकाणी वर्षभर नोकरी केलेला माणूस आणा. तो जामीन राहील. ड्वेन पळाला, तर मी त्याच्या पगाराला हात घालीन."

"वर्षभर? एकाच ठिकाणी? अगं, आमच्या खानदानात?"

तरी तिने फोन फिरवले. दीर कोळंबीच्या बोटीवर, म्हणजे हंगाम संपला की घरी. भाच्याची नोकरी परवाच सुटलेली. फादर म्हणाले, मी प्रार्थना करतो.

"प्रार्थनेची सही चालते का गं?" ओडील ओरडली. "सोमवारी पहाटे बोट निघतेय. ड्वेन धक्क्यावर दिसला नाही तर कप्तान दुसरा गडी घेईल. मग वर्षभर मी त्याला काय खायला घालू, समुद्राचं पाणी?"

विल्माने जामिनाचा कोरा कागद पुढे सरकवला. ती तरी काय करणार!

"एकच उरलाय," ओडील शेवटी म्हणाली. "त्याला विचारायची लाज वाटते मेली." आणि तिने लेकीला फोन लावला.

तासाभरात जावई आला. लायल, जहाजाच्या कारखान्यात वेल्डर, अकरा वर्षं तिथेच. नाकावर पांढरी पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. विल्माने कोर्टाचा कागद पाहिला, मग ते नाक पाहिलं, मग परत कागद.

"फिर्याद तुझीच ना रे?"

"हो."

"आणि जामीनही तूच राहणार?"

"घरात पगाराची चिठ्ठी दुसऱ्या कुणाकडे नाही, ताई."

विल्माने कपाळावर हात मारला. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस! "न्यायाधीशांनी त्याला तुझ्या आसपास फिरकायची बंदी केलीय, माहीत आहे का?"

"तेवढं बरं केलं त्यांनी."

"जावईबापू, तोंड बंद आणि सही कर," ओडील म्हणाली.

"थांबा हो मावशी! ह्याला कळू तरी द्या." विल्मा आता खरंच चिडली होती. "लायल, तो पळाला तर दहा हजार तुझ्या पगारातून जातील. ज्याने तुझं नाक फोडलं, त्याच्यासाठी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्याच्या होडीची मोटर मी मागून नेली होती," लायल पुटपुटला. "जळली माझ्याकडून. वर मीच त्याला शिव्या दिल्या."

"ते असू दे. मला एवढंच सांग, तो तारखेला येईल याची खात्री देतोस?"

लायलने पेन उचललं.

"येईल. रविवारी जेवायच्या आधी येऊन तुझं नाक फोडतो, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. गाडी बंद पडली, तरी सहा मैल चालत वेळेवर आला."