आपणहून द्यायचं उत्तर

आईच्या कानातल्या, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर कुमुदसारख्या हौशी लोकांनीच लिहिलं होतं. पगार नाही, भांडणं मात्र भरपूर. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाने वारलेल्या जोडीदाराची चौकशी केली, तर यंत्राने आपणहून काय सांगावं, यावर महिनाभर घोळ चालला होता. सेटिंग बदलायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ठरेल तेच हजारो घरांत ऐकू येणार.

खरं सांगितलं की आई रोज नव्याने विधवा व्हायची. म्हणून कुमुदने आज ‘बाजारात गेलेत’ हे उत्तर लावून पाहिलं. दुपार कलली, तरी आई ताटाला हात लावेना.

“ह्यांना येऊ दे की आधी.”

फोनवर त्या हौशी गटातला कौस्तुभ ताटकळला होता. “ताई, फक्त तुमच्या मतावर अडलंय.”

“खरं तेच सांगू दे,” कुमुद म्हणाली. “रडते, पण रडून झालं की जेवते तरी.”