रुमालाची गाठ

तनोटमातेच्या देवळात नवसाच्या हजारो रुमालांतून रसालकंवरला आपला रुमाल सापडला, पण गाठ काही सुटेना. तिचं माहेर सीमेपलीकडे, पाकिस्तानातल्या उमरकोटला. आईला इकडे यायचा व्हिसा मिळू दे म्हणून लग्नानंतर तिनं तो बांधला होता.

"नख लाव, पोरी," सासू हळूच म्हणाली. "नवस फळला की रुमाल सोडावाच लागतो. देवीशी वाकडं नको."

"नवस फळला? मग पेढे वाटायचे सोडून रडताय काय, ताई!" सीमेवरच्या या देवळाची पूजा सांभाळणारा फौजी पुजारी हसला.





"मागतानाच चुकलं माझं," गाठीशी झटत ती म्हणाली. "नुसता व्हिसा मागितला. तो येईपर्यंत आईला जगव, हे म्हणायचं राहूनच गेलं."