ओंडक्यावरचं पोवळं

"आजी, ओळख पटली. तुमच्या ओंडक्यावरची बुरशी फार दुर्मीळ निघाली," गोठ्यामागं पाय टाकतानाच स्वप्नालीनं सांगून टाकलं. ती कोल्हापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मागच्या खेपेला ती आली तेव्हा फणसाच्या कुजक्या ओंडक्यावर पांढुरका झुबका उगवला होता, पोवळ्यासारखा फांद्याफांद्यांचा, टोकाटोकाला इवलासा मुकुट. तिनं नेलेल्या नमुन्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, मोठ्या तज्ज्ञांनीही तेच सांगितलं. आता पुन्हा उगवलाय का ते बघायला ती कोडोलीत आली होती.

धोंडुबाईचा चेहरा मात्र पडला.

"काय सांगू बाय तुला. निम्मा नेते, उरल्याला कुनाला हात लावू देऊ नका म्हनालीस, आनि मी डेअरीला दूध घालून येतोय तर तू गेलेली, ओंडका साफ."

स्वप्नाली ओंडक्याकडं बघत राहिली.

"आमच्या थोरल्या जावंचं काम, दुसरं कोन? आक्काताईला पैल्यापास्नं अळंबीची लई हाव. कालवण करून खाल्ली असनार. चार बायकांत चोर म्हनलो तिला. तिनं जोतिबाचा गुलाल उचलून शपथ घेतली, तरी मी इश्वास ठेवला न्हाय. तवापास्नं बोलनं बंद हाय. तुझं एवढं मोठं काम, पोरी, माझ्यामुळं बुडालं बघ."

स्वप्नालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निम्मा झुबका लाकडावर ठेवायचा, हा नियम ती मुलांकडून दरवर्षी घोकवून घेते. त्या दिवशी मात्र आजी डेअरीला गेल्या आणि बाईसाहेबांना हाव सुटली. दुसऱ्या कुणी नेला तर? सगळा खरवडून डब्यात घातला आणि आजी यायच्या आत गाडीला किक मारली.

आताही गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? तोंडापर्यंत आलेलं तिनं दोनदा गिळलंसुद्धा.

"आजी, आक्काताईंनी नाही नेला. मी नेला. सगळा."

धोंडुबाई घरात गेली आणि चहाचे दोन कप भरून घेऊन आली. स्वप्नालीनं सवयीनं हात पुढं केला. म्हातारी तिच्या अंगावरून पुढं निघून गेली आणि पलीकडच्या बंद दारासमोर उभी राहिली.

"आक्का, दार उघडा की."

चहा निवला तरी ती दोन्ही कप धरून तिथंच उभी होती.