फिल्टरमधून गळालेल्या ओळी

"नाय नव्हे गं, नाही म्हणावं ऑफिसात," रविंद्रसर हसत म्हणाले आणि रेश्माची बोटं कीबोर्डवरच थबकली. राग नाही आला तिला. सरांनी बनवलेल्या फिल्टरमध्येही 'नाही'च होतं, हे एकदम डोक्यात आलं.

शहापूर-मुरबाडकडच्या दवाखान्यांतले लसींचे फ्रिज दर पाच मिनिटांनी या ऑफिसात संदेश पाठवत. हजारो ओळी, सगळ्या 'ठीक, ठीक'. वाचत कोण बसणार? म्हणून ज्या ओळीत 'बंद', 'बिघाड' किंवा 'नाही' असेल तेवढीच पडद्यावर यायची, बाकीच्या गुपचूप बाजूला. पण त्या संदेशांना शेरा जोडणारी माणसं दवाखान्यातली, आणि रेश्माच्या त्या मुलखात 'नाही' म्हणतो कोण?

तिने फिल्टरच्या शब्दांत 'नाय'ही घातलं. सात ओळी वर आल्या. एक किरकोळ होती. उरलेल्या सहा सिद्धगडाच्या पायथ्याच्या दवाखान्यातल्या, गोजर सिस्टरच्या. कालपासून एकच मजकूर: 'आकडा चारवरून हलत नाय. फ्रिज गार नाय.' चार अंश लसीला योग्य, म्हणून अडकलेल्या आकड्यावर मशीन 'ठीक'च कळवत राहिलं होतं.

साडेनऊ झाले होते. दहा वाजता तिथे बावीस बाळांना लस द्यायची होती.

रेश्माने फोन लावला.

"मॅडम, आया येऊन बसल्यात," पलीकडून सिस्टर म्हणाल्या. "मशीन ठीक म्हनतं, मी एकटी नाय म्हनते. कोनाचा खरा धरू?"

"तुमचा खरा, बाई," रेश्मा म्हणाली. ऑफिसातली भाषा कुठच्या कुठे गेली. "एकाही पोराला टोचू नका. आयांना बसवून ठेवा, नव्या लसींची पेटी येतेय."

रविंद्रसरांनी तोवर दुसरा फोन उचलून मुरबाडहून पेटी काढायला लावली होती. खुर्चीत टेकत ते म्हणाले, "थँक यू, रेश्मा. आज माझं ऐकून तू 'नाही' म्हणाली असतीस, तर वाट लागली असती."

रेश्माला हसू आलं, डोळेही भरून आले. फोन अजून कानालाच होता. पलीकडून आयांची कुजबुज, एका बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"बाई, हायसा ना?"

"हाय गो बाय," सिस्टर म्हणाल्या. "सहा वेळा लिवला. आज कोनी वाचला."